लाकूडकामासाठी घडीचा चाकू कोणता घ्यावा?

प्रश्न : निवृत्तीनंतर लाकूड तासून लहान वस्तू करण्याचा नाद लागलाय. घडीचा चाकू कोणता घेऊ? – एक वाचक, कुडाळ

उत्तर : दहा अवजारांचा चाकू टाळा, त्याची मूठ थोड्याच वेळात तळव्याला टोचू लागते. एकच पाते आणि गोलसर लाकडी मूठ बरी. पाते सहा-सात सेंटिमीटरचे पुरे. लांब पात्याच्या टोकावर ताबा राहत नाही.

जुन्या पद्धतीच्या पुष्कळ चाकूंत पाते नुसत्या स्प्रिंगवर अडते. टोक रुतवून दाबले, की ते बोटांवर मिटू शकते. फ्रान्समध्ये १८९० पासून बनणाऱ्या ओपिनेल चाकूला १९५५ मध्ये फिरती कडी आली. ती वळवली की पाते पक्के. त्यातला ६ नंबर घ्या. पाते ७ सेंटिमीटर.

कार्बन पोलादाला धार चटकन लागते, पण कोकणच्या दमट हवेत ते गंजते. काम झाले की पुसून तेलाचा हात फिरवा.

हात बसेपर्यंत पांगाऱ्यासारखे मऊ लाकूड घ्या. सावंतवाडीची खेळणी त्याचीच होत आली. आणि धार गेली की थांबा. बोथट चाकूला जोर लावावा लागतो आणि हात कापतो तो त्यानेच.