पहिला गिअर खाली, बाकीचे वर : असे का?

मुंबई-गोवा महामार्गावर कणकवलीच्या दक्षिणेस कसाल हे गाव लागते. येथूनच मालवणचा रस्ता फुटतो. या तिठ्यावर कडेला सुरक्षित उभे राहून मोटारसायकलस्वारांच्या पायांकडे पाहा. वळण जवळ येताच स्वार डाव्या पायाने गिअरची पट्टी दोन-तीनदा खाली दाबतो. वळून पुढे गेल्यावर तीच पट्टी एकेकदा वर उचलतो.

बहुतेक गाड्यांत गिअरांचा क्रम असा असतो : १ – न्यूट्रल – २ – ३ – ४ – ५. न्यूट्रल म्हणजे इंजिन व चाक यांचा संबंध तुटलेली स्थिती. शून्य तर एकाच्या आधी येते. मग न्यूट्रल एक आणि दोन यांच्या मध्ये कसे बरे?

त्यासाठी गिअरपेटीत डोकावू या. आतील दंतचक्रांच्या जोड्या नेहमी एकमेकींत गुंतलेल्याच असतात. पण प्रत्येक जोडीतील एक चक्र आपल्या दांड्यावर मोकळे फिरत असते. त्याच्या शेजारचे चक्र सरकून बाजूच्या खुंट्यांनी त्याला पकडते, तेव्हा तो गिअर पडतो. हे सरकवण्याचे काम दोन बोटांचे काटे करतात, आणि काट्यांना हलवतो एक खाचा असलेला रूळ. तुम्ही पट्टी एकदा दाबली की रूळ एकच घर फिरतो व पट्टी पुन्हा मध्यावर येते. म्हणूनच चौथ्यातून एकदम पहिल्यात उडी मारता येत नाही. जिन्याप्रमाणे एकेक पायरी उतरावी लागते.

रुळाच्या टोकाला चांदणीसारखी चकती असते. तिच्या खोबणीत स्प्रिंगने दाबलेली छोटी चाकी बसते. प्रत्येक गिअरची खोबण खोल असते. पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधली न्यूट्रलची खोबण मात्र उथळ असते. पट्टी अर्धवट हलवली तर चाकी तेथे थांबते. पूर्ण हलवली तर ती खोबण ओलांडून पुढे जाते.

याचा उपयोग काय? फोंडाघाट उतरणारी गाडी डोळ्यांसमोर आणा. खालच्या गिअरमध्ये इंजिनच चाकाला रोखून धरते आणि ब्रेकवरचा भार हलका होतो. न्यूट्रल सर्वांत खाली असते, तर घाईत एक दाब जास्त पडताच इंजिनाचा हा आधार सुटला असता. पहिला गिअर तळाशी असल्याने कितीही वेळा दाबले तरी गाडी गिअरमध्येच राहते.

काही लहान गाड्यांत न्यूट्रल टोकाला असते व सर्व गिअर एकाच दिशेने पडतात. तेथे थांबल्यावर न्यूट्रल चटकन सापडते, पण गिअर उतरवताना मोजून उतरवावे लागतात. जुन्या बुलेटची तऱ्हा आणखी निराळी. तिचा गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या पायाशी. पहिला गिअर वर आणि उरलेले तीन खाली! अमेरिकेत १ सप्टेंबर १९७४ पासून बनणाऱ्या मोटारसायकलींना डाव्या पायाचा गिअर सक्तीचा झाला. तेथे गाड्या विकणाऱ्या इतर देशांच्या कारखान्यांनाही तो नियम पाळावा लागला. नव्या गाडीची सवय असलेला माणूस जुन्या बुलेटवर बसला आणि संकटात त्याने सवयीने उजवा पाय दाबला, तर काय होईल? ब्रेकऐवजी गिअर हलेल! म्हणून अनोळखी गाडी घेताना तिचा क्रम आधी विचारून घ्यावा.

करून पाहा : सपाट अंगणात, इंजिन बंद ठेवून, घरातील मोठ्या माणसाला गाडी धरायला सांगा. न्यूट्रलमध्ये ती सहज ढकलली जाईल. पहिल्या गिअरमध्ये अडून बसेल. आता वरचे गिअर टाकायला सांगा. कधी पट्टी हलेल, पण गिअर पडणार नाही. गाडी किंचित मागेपुढे करताच ‘खट्’ आवाज होऊन तो पडेल.

असे का झाले? वर सांगितलेल्या खुंट्या आठवा. उत्तर तुम्हीच सांगू शकाल.