सभागृहासाठी लाउडस्पीकर : आखणी आणि ड्रायव्हरची निवड

मयेसारख्या गावात लाउडस्पीकर ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. जत्रेतले नाटक, शाळेचे स्नेहसंमेलन, मिलादची मजलिस, भजनाची बैठक किंवा ट्रस्टची वार्षिक सभा, यांपैकी एकही प्रसंग त्याच्यावाचून पार पडत नाही. तरीसुद्धा सभा संपल्यावर शेवटच्या रांगेतील वडीलधाऱ्यांना विचारावे, तर उत्तर बहुधा एकच मिळते : "आवाज पुष्कळ होता, पण शब्द काही कळले नाहीत."

हे उत्तर हसण्यावारी नेण्याजोगे नाही. सभेत शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत सांगितली जाते, नेत्रतपासणीची तारीख सांगितली जाते. मागे बसलेल्या आजीने 'सात तारीख' ऐवजी 'आठ तारीख' ऐकले, तर तिची फेरी फुकट जाते. म्हणून लाउडस्पीकरची परीक्षा आवाजाच्या मोठेपणावर नव्हे, तर शब्दाच्या स्पष्टतेवर व्हावी, असे आमचे मत आहे. या दृष्टीने एक साधा लाउडस्पीकर गावच्या सुताराच्या मदतीने कसा आखावा, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे. वाचकांना गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ येत असले म्हणजे पुरे.

ड्रायव्हर, पेटी आणि क्रॉसओव्हर

चुंबकाच्या अरुंद फटीत तारेचे वेटोळे ठेवायचे, त्या वेटोळ्याला कागदाचा शंकू चिकटवायचा, आणि वेटोळ्यातून बदलता वीजप्रवाह सोडायचा. वेटोळे मागेपुढे हलते, शंकू हवेला ढकलतो आणि ध्वनी निर्माण होतो. अमेरिकेतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली या रचनेला जे रूप दिले, तेच थोड्याफार फरकाने आजही चालू आहे. या एका भागाला 'ड्रायव्हर' म्हणतात. बाजारात त्यालाच नुसते 'स्पीकर' म्हणण्याची पद्धत आहे. ड्रायव्हर, त्याची पेटी आणि ध्वनीची वाटणी करणारे क्रॉसओव्हर, ही तिन्ही मिळून लाउडस्पीकर होतो. यांतील एक चांगले घेऊन दुसऱ्याकडे दुर्लक्ष केले, तर पैसा वाया गेलाच म्हणून समजावे.

आधी काम ठरवावे

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा भूमिगत नभोवाणी चालवणारे वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी विमानाला बसविलेल्या लाउडस्पीकरवरून ती वार्ता आकाशातून जनतेला ऐकवली. उघड्या आभाळाखाली दूरवर एक बातमी पोचवणे हे एक काम झाले. बंद दालनात साठ-सत्तर माणसांना दोन तास भाषण ऐकवणे, हे अगदी वेगळे काम होय. मैदानासाठी कर्णा ठीक. थोड्या विजेत त्याचा आवाज लांब जातो. परंतु तोच कर्णा दालनात लावला, तर आवाज भिंतीवरून परतून शब्दावर शब्द आदळतात. दालनासाठी शंकूचे ड्रायव्हर आणि लाकडी पेटी हाच मार्ग बरा.

आपण एक नमुना घेऊ. दालन १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद. मुख्य काम भाषणाचे, अधूनमधून पेटी-तबल्याच्या साथीने गाणे. घुमट आरतीची चिंता करू नये. २०१९ साली राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान मिळालेल्या या वाद्याला एवढ्या दालनात लाउडस्पीकर लागतच नाही.

वॉटचा मोह

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न 'किती वॉटचा?' असा असतो. वस्तुतः पहिला प्रश्न 'संवेदनक्षमता किती?' असा असावा. ड्रायव्हरला १ वॉट दिल्यावर १ मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, तो हा आकडा. येथे तीन नियम ध्यानात ठेवावेत. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलने उतरतो. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने चढतो. आणि १० डेसिबल चढवायचे तर वॉट दहापट लागतात.

आता हिशेब करू. ड्रायव्हर ९० डेसिबलचा आहे. १० मीटरवर २० डेसिबल उतरून ७० उरतात. पंख्यांची घरघर आणि कुजबुज ५० ते ५५ डेसिबल धरली, तरी मागच्या रांगेत भाषण तिच्या १५ डेसिबल वर राहते. म्हणजे सरासरी बोलण्याला १ वॉट पुरला! वक्त्याचा आवाज मध्येच १५ डेसिबल चढला, तर सुमारे ३२ वॉट लागतील. तेव्हा ४० वॉटचा प्रामाणिक ॲम्प्लिफायर भरपूर झाला. डब्यावर हजारांत छापलेल्या 'पी.एम.पी.ओ.' आकड्याला मुळीच भुलू नये. सतत देता येणारे वॉट किती, ते विचारावे. ८७ डेसिबलचा ड्रायव्हर घेतला, तर त्याच आवाजाला दुप्पट वॉट लागतात, हेही विसरू नये.

वूफरचे तीन आकडे

ऑस्ट्रेलियात १९६१ साली नेव्हिल थील यांनी आणि पुढे १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ड्रायव्हर आणि पेटी यांचे गणित बसवून दिले. तेव्हापासून चांगला कारखाना प्रत्येक वूफरबरोबर काही आकडे छापतो. त्यांतील तीन आपल्याला पुरतात.

पहिला 'एफ-एस' : पेटीबाहेर मोकळा असताना शंकू ज्या कंपनसंख्येला सहज डोलतो ती. दुसरा 'क्यू-टी-एस' : तो डोल किती आवरलेला आहे याचे माप. तिसरा 'व्ही-ए-एस' : शंकूच्या लवचिकपणाची बरोबरी करणारी हवा, लिटरमध्ये.

बंद पेटीचा नियम असा : व्ही-ए-एसला पेटीच्या लिटरांनी भागावे, त्यात १ मिळवावा आणि वर्गमूळ काढावे. या वर्गमूळाने क्यू-टी-एसला गुणले की पेटीसकट क्यू मिळतो. एफ-एसला गुणले की पेटीतील कंपनसंख्या मिळते. क्यू ०.७ च्या आसपास आला, तर खर्ज सपाट आणि आटोपशीर राहतो.

उदाहरणार्थ, आठ इंची वूफरचे आकडे एफ-एस ५०, क्यू-टी-एस ०.५ आणि व्ही-ए-एस २५ लिटर आहेत. पेटीही २५ लिटरची केली, तर भागाकार १, बेरीज २ आणि वर्गमूळ १.४१. क्यू झाला ०.७ आणि कंपनसंख्या ७० हर्ट्झ. भाषणाला आणि पेटी-तबल्याला हे उत्तम. जागा वाचवण्यासाठी पेटी निम्मी केली, तर क्यू ०.८७ आणि कंपनसंख्या ८७ होते. खालचा आवाज घुमू लागतो आणि शब्द त्यात बुडतात. ज्या वूफरचा क्यू-टी-एस ०.४ हून बराच कमी असतो, तो नळीच्या पेटीसाठी योग्य. नवशिक्याने मात्र बंद पेटीच करावी, कारण तिच्यात थोडी चूक खपून जाते. ज्या ड्रायव्हरबरोबर हे आकडे मिळतच नाहीत, तो स्वस्त असला तरी घेऊ नये.

ट्वीटर कशासाठी?

भाषेत स्वरांत जोर असतो, पण अर्थ बराचसा व्यंजनांवर उभा असतो. स, श, च, ट या वर्णांची ओळख साधारण २००० ते ८००० हर्ट्झच्या पट्ट्यात पटते. जुन्या टेलिफोनवरून सुमारे ३४०० हर्ट्झपर्यंतच ध्वनी जाई, म्हणून त्यावर 'स' आणि 'फ' यांची गल्लत होई.

ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर धरला, तर २००० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेसतरा सेंटिमीटर येते. आठ इंची वूफरचा हलणारा शंकू जवळजवळ तेवढाच असतो. याच्या वर त्याचा ध्वनी विजेरीच्या झोतासारखा समोर एकवटतो आणि बाजूला बसलेल्यांची व्यंजने हरवतात. म्हणून २००० ते २५०० हर्ट्झच्या वरचे काम एक इंची घुमटाकार ट्वीटरकडे सोपवावे. ट्वीटरचा स्वतःचा एफ-एस या सीमेच्या निम्म्याहून कमी असावा. त्याची संवेदनक्षमता वूफरइतकी किंवा थोडी अधिक असावी. जास्तीचा आवाज रेझिस्टर लावून उतरवता येतो; कमी पडला तर चढवता येत नाही.

एकटा कपॅसिटर लावला तर दर सप्तकाला ६ डेसिबलच उतार मिळतो. कॉइल आणि नॉन-पोलर कपॅसिटर यांची जोडी १२ डेसिबलचा उतार देते आणि ट्वीटर जळण्यापासून वाचतो. ८ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या, तर ॲम्प्लिफायरला ४ ओहम दिसतात. तो ते सोसतो की नाही, हे आधी पाहावे.

आमच्या पावसाची दखल

तळ्याकाठच्या गावात चार महिने हवेत ओल भरलेली असते. भुशाच्या फळ्या फुगतात, सबंध लाकूड उन्हाळ्यात तडकते. म्हणून १८ मिलिमीटरचे पाणी सोसणारे प्लायवूड घ्यावे आणि वाळवीचे औषध लावावे. आतले माप ४२ × २८ × २२ सेंटिमीटर धरले, तर सुमारे २६ लिटर होतात. ड्रायव्हर आणि पट्ट्या यांचे वजा जाता २५ उरतात. तिन्ही मापे वेगवेगळी ठेवण्यात हेतू असा की एकाच कंपनसंख्येची घुमार साचू नये. सांधे हवाबंद करावेत. शंकूची कड फोमची असल्यास दमट हवेत काही वर्षांत तिचा भुगा होतो. रबराची कड टिकते.

मांडणी आणि परीक्षा

पेट्या मायक्रोफोनच्या पुढे, श्रोत्यांच्या डोक्यांच्या किंचित वर आणि मागच्या रांगेकडे थोड्या झुकवून ठेवाव्यात. त्या मायक्रोफोनच्या मागे असतील, तर शिटी वाजणारच. दारे-खिडक्या उघड्या असतील तर शेजाऱ्यांचाही विचार हवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकरला मनाई आहे.

शेवटी परीक्षा. ती शाळेतलीच, म्हणजे श्रुतलेखनाची. मागच्या रांगेत आणि दोन्ही कोपऱ्यांत दहा माणसे बसवावीत, त्यांत दोन-तीन वयस्क अवश्य असावीत. पंखे चालू ठेवून मायक्रोफोनवरून वीस शब्द एकेकदा वाचावेत : सात, साठ, आठ, पाच, पास, वीस, तीस, दान, धान असे. मग वह्या तपासाव्यात. अठराहून अधिक शब्द बरोबर आले, तर लाउडस्पीकर उत्तीर्ण. कमी आले, तर आवाज वाढवण्यापूर्वी खर्ज थोडा उतरवावा, ट्वीटरचे तोंड श्रोत्यांकडे वळवावे आणि पुन्हा परीक्षा घ्यावी.

ट्रस्टच्या या महोत्सवी वर्षात आठवी-नववीच्या मुलांनी सुतार आणि वीजतंत्री यांच्या देखरेखीखाली अशी एक जोडी अवश्य करून पाहावी. त्यात त्यांचे गणित पक्के होईल, हाताला काम कळेल, आणि पुढील सभेत मागच्या रांगेतील आजीला नेत्रतपासणीची तारीख शेजारणीला विचारावी लागणार नाही.