लांब पल्ल्याची धांव आणि मनाची तयारी

शंभर यार्डांच्या शर्यतींत पिस्तूल वाजलें न वाजलें तोंच निकाल लागतो. धांवणाऱ्यास विचार करण्यास सवडच मिळत नाहीं. मॅरॅथॉनची गोष्ट निराळी. तेथें ४२.१९५ किलोमीटर, म्हणजे सव्वीस मैल व ३८५ यार्ड, अंतर तोडावयाचें असतें आणि दोन-अडीच तास माणूस आपल्या मनाबरोबर एकटा असतो. पाय दुखूं लागले, घसा कोरडा पडला, कीं तेंच मन त्याच्याशीं वाद घालूं लागतें. या वादाला काय उत्तर द्यावयाचें, हें शर्यतीच्या दिवशीं सुचत नाहीं. तें आधींच शिकून ठेवावें लागतें.

चेकोस्लोव्हाकिया देशांत १९२२ सालीं जन्मलेला एमिल झाटोपेक हा झ्लीन येथील बाटाच्या जोड्यांच्या कारखान्यांत नोकरीस होता. १९४१ सालीं वरिष्ठांनीं त्याला एका शर्यतींत मनाविरुद्ध धांवावयास लावलें, आणि तींत त्याचा दुसरा क्रमांक आला. त्याची धांव दिसण्यांत मुळींच सुरेख नव्हती. मान एका बाजूस कललेली, चेहरा वेडावांकडा, जणूं पोटांत कळ निघत आहे. परंतु त्यानें सरावाची जी रीत बसविली ती विद्यार्थ्यांनीं नीट पाहण्यासारखी आहे. चारशें मीटर वेगानें धांवावें, मग थोडें अंतर अगदीं सावकाश, पुन्हा चारशें वेगानें. अशा वीस-वीस, आणि पुढें चाळीस-चाळीस फेऱ्या तो एका दिवसांत करी. सैन्यांत शिरल्यावर जड बूट घालून बर्फांतूनही तो धांवला. यांतील मर्म असें, कीं दम संपत आल्याची जी वेदना इतरांना शर्यतींतच गांठते, ती त्याला रोज भेटत होती, तीही थोडी थोडी. तिची ओळख झाली होती, म्हणून तिचें भय उरलें नव्हतें.

१९५२ सालीं हेलसिंकी येथील ऑलिंपिक सामन्यांत त्यानें २० जुलै रोजीं दहा हजार व २४ जुलै रोजीं पांच हजार मीटरांची शर्यत जिंकली, आणि २७ जुलैस तो जन्मांत पहिल्यानेंच मॅरॅथॉनमध्यें उतरला! इंग्लंडच्या जिम पीटर्सनें त्याच वर्षीं जून महिन्यांत हें अंतर २ तास २० मिनिटें ४२ सेकंदांत तोडून सर्वांस चकित केलें होतें. तेव्हां झाटोपेकनें त्याचीच सोबत धरली. वाटेंत त्यानें पीटर्सला सरळ विचारलें, कीं हा वेग ठीक आहे ना? पीटर्सनें, वेग फार कमी आहे, असें उत्तर दिलें. प्रतिस्पर्ध्याला चकविण्याची ती एक युक्ति होती. पण झाटोपेक पुढें निघून गेला. नंतर पीटर्सच्या पायांत गोळे आले व सुमारें वीस मैलांवर त्याला शर्यत सोडावी लागली. झाटोपेक २ तास २३ मिनिटें ३ सेकंदांत पहिला आला. दुसरा धांवणारा त्याच्यामागून अडीच मिनिटांनीं पोंचला.

यावरून पीटर्सचें मन दुबळें होतें असें कोणी म्हणेल, तर तें अन्यायाचें होईल. दोनच वर्षांनीं, १९५४ सालच्या ऑगस्टांत, कॅनडांतील व्हँकूव्हर येथें तो भर उन्हांत धांवला व इतरांना पंधरा मिनिटांहून अधिक मागें टाकून क्रीडांगणांत शिरला. मात्र तेथें त्याचे पाय त्याचे राहिले नव्हते. तो पडे, उठे, झोकांड्या खात चार पावलें टाकी आणि पुन्हा पडे. अखेरची रेषा सुमारें दोनशें मीटर दूर असतां त्याला उचलून न्यावें लागलें. त्यानंतर तो कधींच शर्यतींत धांवला नाहीं. निग्रहाच्या बळावर सर्व कांहीं साधतें, असें मुलांना सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं (आणि आम्हां शिक्षकांनींही) व्हँकूव्हरचा हा प्रसंग ध्यानांत ठेवावा. थकवा वाद घालतो. शरीर कधीं कधीं इशारा देतें. वादाला उत्तर द्यावें, इशारा मात्र ऐकावा. या दोहोंतील भेद ओळखावयास दीर्घ सराव लागतो. माझ्या मतें सरावाचा हाच मोठा लाभ होय.

मन आणि थकवा यांचा संबंध प्रयोगानेंही तपासला गेला आहे. वेल्समधील बँगर विद्यापीठांत सामुएले मार्कोरा व त्यांचे सहकारी यांनीं केलेला एक प्रयोग २००९ सालीं प्रसिद्ध झाला. सोळा जणांना एके दिवशीं दीड तास चित्त एकाग्र करावयास लावणारें काम दिलें, व मग एका जागीं बसविलेल्या सायकलीवर, होईल तितका वेळ पायडल मारावयास सांगितलें. ते सरासरीनें ६४० सेकंद टिकले. ज्या दिवशीं तें काम नव्हतें त्या दिवशीं ७५४ सेकंद. हृदय किंवा फुफ्फुसें यांच्या कार्यांत या फरकाचें कारण सांपडलें नाहीं. श्रम मात्र त्यांना पहिल्यापासूनच अधिक वाटले. रात्र जागून परीक्षेचें पुस्तक घोकलेल्या मुलाकडून सकाळीं मैदानावर पराक्रमाची अपेक्षा करणाऱ्या पालकांनीं हे दोन आंकडे अवश्य पाहावे.

झाटोपेकची शेवटची ऑलिंपिक शर्यत १९५६ सालीं मेलबर्न येथें झाली. कांहीं आठवडे आधीं त्याच्या अंतर्गळावर शस्त्रक्रिया झालेली होती. या खेपेस फ्रान्सचा अलँ मिमून पहिला आला. ऑलिंपिकमध्यें तीन वेळां झाटोपेकच्या मागें दुसरा राहिलेला हाच तो गृहस्थ. शर्यत संपल्यावर तो विसांवा घेण्यास आंत गेला नाहीं. जुन्या प्रतिस्पर्ध्याची वाट पाहत मैदानावरच उभा राहिला. झाटोपेक सहावा आला. मिमून जिंकल्याचें कळतांच त्यानें डोक्यावरची टोपी काढली, सैनिकाप्रमाणें त्याला सलामी दिली आणि मग त्याला कडकडून मिठी मारली.