गाणाऱ्या घरांतील शेंडेफळ : जीन रिची

गाणें कोणाच्या मालकीचें असतें, असें जर कोणीं तुम्हांस विचारिलें, तर तुम्ही काय उत्तर द्याल? जात्यावर बसलेल्या आजीच्या तोंडची ओवी कोणीं रचिली हें आजीसहि ठाऊक नसतें. ती सर्वांची असते. परंतु तीच ओवी कोणीं ध्वनिमुद्रिकेवर उतरवून बाजारांत विकली, तर तीवर नांव कोणाचें घालावें? ह्या प्रश्नाचा विचार करण्यास अमेरिकेंतील एका लोकगायिकेचें चरित्र फार उपयोगी आहे, म्हणून तें येथें थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जीन रिची ह्यांचा जन्म ता. ८ डिसेंबर १९२२ रोजीं केंटकी राज्यांतील व्हायपर नांवाच्या डोंगराळ खेड्यांत झाला. बॅलिस व ॲबिगेल रिची ह्यांच्या चौदा अपत्यांपैकीं ही सर्वांत धाकटी. ह्या घरीं गाणें ही निराळी शिकण्याची विद्या नव्हती. मक्याच्या शेतांत खुरपतांना गाणें, भांडीं घासतांना गाणें, आणि सायंकाळीं ओसरीवर सर्व मंडळी जमली म्हणजे चंद्र वर येईपर्यंत गाणें. हीं गाणीं त्यांच्या पूर्वजांनीं ब्रिटिश बेटांतून समुद्रापलीकडे नेलेलीं होतीं व तीं तोंडोतोंडीं चालत आलीं होतीं. १९१७ सालीं सेसिल शार्प नांवाचे इंग्रज संग्राहक त्या डोंगरांत आले, तेव्हां हिंडमन येथील शाळेंत रिची घराण्यांतील मुलींनीं त्यांस घरचीं गाणीं म्हणून दाखविलीं. जें गाणें इंग्लंडांत लोक विसरत चालले होते, तें ह्या आडवळणाच्या खोऱ्यांत जिवंत होतें!

गाण्याची दुसरी शाळा म्हणजे उपासनामंदिर. तेथील जुन्या बॅप्टिस्ट मंडळींत कोणतेंहि वाद्य वाजवीत नसत. पुढारी गीताची एक ओळ सांगे व सर्व मंडळी ती संथपणें, सूर लांबवीत म्हणे. आपल्याकडे भजनांत एकानें म्हणावें व इतरांनीं झेलावें, तसाच कांहींसा हा प्रकार. ज्यांस वाचतां येत नसे त्यांनाहि त्यामुळें गीतांत भाग घेतां येई.

घरीं मात्र वडिलांपाशीं एक वाद्य होतें. त्यास डल्सिमर म्हणतात. तें लांबट असून मध्यें निमुळतें असतें व मांडीवर आडवें ठेवून वाजवितात. त्याच्या तीन तारांपैकीं एकीवर काडी सरकवून चाल काढावयाची, आणि बाकीच्या तंबोऱ्याच्या तारांप्रमाणें एकाच सुरांत वाजत राहतात. वडील हंसाच्या पिसानें तारा छेडीत. मुलांनीं ह्या वाद्यास हात लावूं नये, असा त्यांचा सक्त हुकूम होता. परंतु चार-पांच वर्षांची जीन तें चोरून काढी व हळूच वाजवी. पुढें वडील तिला शिकवावयास बसले, तों हिला तें वाजवितां येऊं लागलें होतें! हुकूम मोडणें चांगलें, असें आम्ही म्हणत नाहीं; पण जी विद्या मूल चोरून शिकतें, तिची आवड किती खरी असली पाहिजे, हें पालकांनीं ध्यानांत घ्यावें.

१९४६ सालीं जीनबाई केंटकी विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्यांचा विषय समाजसेवा हा होता. गायिका होण्याचें त्यांच्या मनांतहि नव्हतें. न्यूयॉर्क शहरीं हेन्री स्ट्रीट सेटलमेंट ह्या सेवासंस्थेंत गरीब वस्तींतील मुलांस त्या घरचीं गाणीं व खेळ शिकवूं लागल्या. तेथून त्यांची कीर्ति पसरली. ॲलन लोमॅक्स ह्या प्रसिद्ध संग्राहकांनीं अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकरितां त्यांचीं गाणीं मुद्रित केलीं. १९५२ सालीं एलेक्ट्रा ह्या त्या वेळीं अगदीं लहान असलेल्या कंपनीनें त्यांची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका काढिली. त्याच सुमारास फुलब्राइट शिष्यवृत्ति मिळून, आपल्या गाण्यांचें मूळ शोधण्यास त्या ब्रिटन व आयर्लंड येथें गेल्या. त्यांचे पति जॉर्ज पिकाउ हे छायाचित्रकार होते. तेहि बरोबर होते.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. जीनबाई केवळ जुनींच गाणीं म्हणत राहिल्या नाहींत. त्यांच्या डोंगरांत कोळशाच्या खाणी निघाल्या, वरची माती खरवडून कोळसा काढूं लागले, ओढ्यांचें पाणी काळें झालें. आणि खाणी बंद पडल्या तेव्हां लोक बेकार झाले. ह्या दुःखावर त्यांनीं स्वतः गाणीं रचिलीं. परंतु त्यांवर त्यांनीं आपलें नांव घातलें नाहीं! ‘थॅन हॉल’ हें आपल्या आईच्या वडिलांचें नांव घातलें. अशा वादाच्या विषयांत आपलें नांव येऊन वृद्ध आईस त्रास होऊं नये हें एक कारण. आणि असलीं गाणीं पुरुषाचीं म्हणून लोक अधिक मानतील हें दुसरें. स्त्रीला स्वतःचें खरें बोलणें आजोबांच्या नांवानें बोलावें लागलें, ही गोष्ट आमच्या विद्यार्थिनींनीं विसरूं नये.

दुसरा प्रसंग घरच्या जुन्या गाण्याचा. ‘नॉटामुन टाउन’ हें गाणें रिची घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलें. बॉब डिलन ह्या प्रख्यात कवि-गायकांनीं १९६३ सालच्या आपल्या एका युद्धविरोधी गीतास त्याची चाल घेतली. आपल्या घराण्याचें नांव नमूद व्हावें अशी जीनबाईंची इच्छा होती. अखेर पैशांची तडजोड होऊन तें प्रकरण मिटलें.

साधारण रीत अशी कीं, ध्वनिमुद्रणाचा खर्च कंपनी करते. म्हणून मूळ मुद्रण तिच्या ताब्यांत राहतें, आणि कोणतें गाणें काढावें व कोणतें बंद करावें हें तीच ठरविते. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जीनबाई व त्यांचे पति ह्यांनीं ‘ग्रीनहेज’ ह्या नांवानें स्वतःच ध्वनिमुद्रिका काढण्यास आरंभ केला. ह्यांत खर्च आपला, तोटा आलाच तर तोहि आपला. पण निवड आपली व नांव आपलें. १९८४ सालीं ह्याच नांवाखालीं, बापाच्या त्या निषिद्ध वाद्याला वाहिलेली ‘द मोस्ट डल्सिमर’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. २००२ सालीं त्यांस लोककलांचा राष्ट्रीय सन्मान मिळाला, व ता. १ जून २०१५ रोजीं केंटकींतच बेरिया येथें त्यांचें देहावसान झालें.

तर मग गाणें कोणाचें? आम्हांस वाटतें, गाणें म्हणण्याचा हक्क सर्वांचा आहे. परंतु तें ज्यांनीं जतन केलें त्यांचें नांव सांगणें हें म्हणणाराचें कर्तव्य आहे. म्हणून ह्या सुट्टींत एवढें करा. आजीजवळ बसा, तिच्या ओव्या व पाळणे एका वहींत उतरवून घ्या, आणि प्रत्येकीखालीं तिचें नांव, गांव व तारीख लिहा. जीनबाईंना आजोबांच्या नांवाआड रहावें लागलें. तुमच्या वहींत तरी आजीचें नांव आजीचेंच असूं द्या.