'लुक आफ्टर' म्हणजे काय?

गुरुजींनी फळ्यावर वाक्य लिहिले, 'आय लुक आफ्टर माय ग्रँडमदर.' मी अर्थ सांगितला, 'मी आजीला नंतर बघतो.' सगळा वर्ग हसला. लुक म्हणजे बघणे, आफ्टर म्हणजे नंतर, हे मला पाठ होते. पण गुरुजी म्हणाले, दोन शब्दांची जोडी जमली की अर्थ बदलतो.

शी लुक्स ॲट द काउ – ती गाईकडे पाहते.
शी लुक्स फॉर द काउ – ती गाय शोधते.
शी लुक्स आफ्टर द काउ – ती गाय सांभाळते.

गाय तीच, पण काम निराळे!

आपल्या मराठीतही असेच आहे. दिवाळीनंतर आई-आबा ऊसतोडीला गेले. जाताना आई म्हणाली, "आजीकडं बघ रं." म्हणून मी काय नुसता तिच्याकडे बघत बसलो नाही. मी पाणी भरतो, तिला गोळ्या वेळेवर देतो. हेच लुक आफ्टर.

तर मित्रांनो, जोडी फोडून अर्थ लावू नका. आई आली की फळ्यावरचे ते वाक्य मी तिला वाचून दाखवणार आहे, आणि अर्थही बरोबर सांगणार आहे.