'जपून राहा' म्हणजे नेमके किती?
(तृतीय वर्ष कला, मानसशास्त्र)

आमच्या मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात भीती आणि चिंता यांवर एक प्रकरण आहे. द्वितीय वर्षाला असताना मी ते परीक्षेपुरते पाठ केले होते. व्याख्या, लक्षणे, कारणे व उपाय असे चार मथळे लक्षात ठेवले की दहा गुण पदरात पडतात, एवढाच माझा त्या प्रकरणाशी संबंध. पुढे तेच प्रकरण मला स्वतःसाठी पुन्हा वाचावे लागेल असे तेव्हा कुणी सांगितले असते तर मी हसले असते. प्रस्तुत लेख त्या दुसऱ्या वाचनातून निघाला आहे. त्यात पुस्तकातले थोडे आहे, डॉक्टरांनी समजावलेले थोडे आहे आणि उरलेले अनुभवाचे आहे.

निदान

राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरात गावकऱ्यांची व आम्हा विद्यार्थ्यांची आरोग्यतपासणी झाली. तपासणाऱ्या डॉक्टरांनी स्टेथास्कोप माझ्या छातीवर ठेवला आणि तो इतरांपेक्षा बराच वेळ तेथेच ठेवला. मग विचारले, "लहानपणी कधी सांधे सुजले होते का?" सुजले होते. मी अकरा वर्षांची असताना आधी गुडघे, ते उतरल्यावर घोटे, मग मनगट असे एकामागून एक सुजत गेले होते आणि बरोबर ताप होता. आजीने निर्गुडीचा शेक दिला होता. तीन आठवड्यांनी सारे आपोआप बरे झाले आणि घरातले सगळे ते विसरून गेले.

तो ऱ्हुमॅटिक ताप होता. स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूमुळे घसा येतो. त्या जंतूशी लढण्यासाठी शरीर जी प्रतिद्रव्ये तयार करते, ती काही मुलांच्या बाबतीत स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटतात. सांधे बरे होतात, पण झडपेवरचा व्रण राहतो व पुढे काही वर्षांत ती जाड होऊन आकसत जाते.

जिल्ह्याच्या ठिकाणी एका रुग्णालयात माझा इको काढला. तपासणाऱ्या डॉक्टरांनी पडद्याकडे पाहत सहकाऱ्याला सांगितले, "एम. एस." आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "झडप खराब आहे. जपून राहा. गोळ्या लिहून देतो." बाहेर रांग मोठी होती. आम्ही कागद घेऊन एस. टी. स्टँडवर आलो. गाडीत आई एकदाच बोलली, "आता कुणाला सांगू नकोस हं."

परिमाण नसलेला शब्द

'जपून राहा' हे दोन शब्द मी घरी आणले आणि त्यांनी माझे सारे आयुष्य व्यापले. जपून म्हणजे किती? जिना चढायचा की नाही? विहिरीचे पाणी ओढायचे का? हसायचे किती? डॉक्टरांनी परिमाण दिले नव्हते, म्हणून ते मी ठरवले, आणि भ्यालेला माणूस परिमाण ठरवतो तेव्हा ते नेहमी शून्याकडे जाते. मी कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावरच्या ग्रंथालयात जाणे बंद केले. डाव्या कुशीवर झोपणे बंद केले, कारण त्या कुशीवर ठोके कानात ऐकू येत. रात्री उशाशी घड्याळ ठेवून नाडी मोजू लागले. मोबाईलवर रोगाचे नाव घालून शोधले, तर पहिल्याच पानावर शस्त्रक्रियेची चित्रे आली. त्या रात्री नाडी १२४ होती.

भीती आणि चिंता यांत शास्त्रज्ञ जो भेद करतात तो मला येथे प्रथम कळला. समोर साप दिसला तर वाटते ती भीती. तिला विषय असतो व साप गेला की ती ओसरते. गवतात साप असेल या विचाराने पाऊल उचलत नाही ती चिंता. तिला शेवट नसतो, कारण 'नाही' हे कधी सिद्धच होत नाही. माझा साप तर छातीतच होता. त्याच्यापासून दूर पळायचीही सोय नव्हती.

चक्र कसे फिरते?

अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले, की धोका जाणवताच शरीर लढण्याची वा पळण्याची तयारी करते. अॅड्रिनॅलिन रक्तात उतरते, हृदय जोराने धावते, श्वास वाढतो, हातपाय गार पडतात. ही तयारी मुळात उपकारक आहे. अडचण अशी, की हृदयरोग्याला धोक्याची जी लक्षणे सांगितलेली असतात, जवळजवळ तीच भीतीचीही लक्षणे आहेत. धडधड, धाप, छातीत आवळल्यासारखे वाटणे, घाम.

१९८६ साली डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने यातील चक्र स्पष्ट केले. शरीरात एखादी साधी संवेदना होते. मन तिचा सर्वांत भयंकर अर्थ लावते. त्या अर्थाने भीती वाढते. भीतीने संवेदना आणखी वाढते आणि आपला अर्थ खरा असल्याचा 'पुरावा' मिळतो. त्यातच श्वास भराभर घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो व बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते. मग संशय उरतच नाही.

यावर "सगळे मनाचे खेळ आहेत" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. माझ्या बाबतीत ते अर्धसत्य होते. आकसलेल्या झडपेतून वरच्या डाव्या कप्प्यातील रक्त खालच्या कप्प्यात उतरते ते दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात. ठोके वाढले की विसावा आखडतो, रक्त मागे तुंबते, आणि हा तुंबारा फुप्फुसापर्यंत पोचला की खरीच धाप लागते. म्हणजे या आजारात भीती नुसती भास निर्माण करत नाही. रोग पुढे गेलेला असेल तर ती हृदयाला प्रत्यक्ष त्रास देऊ शकते. म्हणूनच भीतीवरचा उपाय हा रोगावरील उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

दोन अक्षरांची गोष्ट

सुप्रसिद्ध हृदयरोगतज्ज्ञ बर्नार्ड लाऊन यांनी सांगितलेली एक घटना येथे देण्यासारखी आहे. नॉर्मन कझिन्स यांच्या १९८३ सालच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत ती आली आहे. लाऊन तरुणपणी बोस्टन येथे सॅम्युएल लेव्हिन या थोर डॉक्टरांच्या हाताखाली शिकत होते. झडप आकसलेली एक ग्रंथपाल स्त्री तपासणीस आली होती. लेव्हिन बरोबरच्या डॉक्टरांना म्हणाले, "हिला टी. एस. आहे," आणि पुढे गेले. त्यांना अभिप्रेत होते त्रिदल झडपेच्या आजाराचे इंग्रजी नाव, ट्रायकस्पिड स्टेनोसिस. तिने मात्र 'टर्मिनल सिच्युएशन', म्हणजे शेवटची अवस्था, असा अर्थ घेतला. लाऊन यांनी परोपरीने समजावूनही तिला पटेना. तिची धाप वाढत गेली आणि त्याच दिवशी ती मरण पावली.

एका उदाहरणावरून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही, हे आमच्या विषयातील पहिले सूत्र मला ठाऊक आहे. तिचा आजार किती पुढे गेला होता हेही मोजले पाहिजे. तरीही 'एम. एस.' ही दोन अक्षरे ऐकून घरी आलेल्या मला ही गोष्ट वाचताना काय वाटले असेल याची कल्पना वाचकांनी करावी.

आणि गंमत अशी, की याच लेव्हिन आणि लाऊन यांनी १९५२ साली हृदयविकाराचा झटका आलेल्या रोग्यांना खुर्चीत बसवण्याचा पुरस्कार केला. तोवर अशा रोग्यांना कित्येक आठवडे अंथरुणावर निजवून ठेवत. खुर्चीत बसवल्याने अपाय तर झाला नाहीच, उलट रोग्यांच्या मनाला उभारी आली. 'तू बसू शकतोस' हे खुर्चीने सांगितले. शब्दांनी भय वाढते तसे कृतीने ते उतरतेही.

मी काय केले?

विभागातील मॅडमना एकदा मी जिन्याशी थांबलेली दिसले. "ग्रंथालयात हल्ली येत नाहीस?" एवढेच त्यांनी विचारले आणि मला रडू कोसळले. सर्व ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "डॉक्टरांना प्रश्न लिहून विचारलेस का?" मी विचारले नव्हते. आमच्या घरात डॉक्टरांना प्रश्न विचारायचे नसतात, त्यांचे ऐकायचे असते.

पहिला उपाय हा. मी बारा प्रश्न वहीत लिहिले आणि दुसऱ्या एका हृदयरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी कागदावर झडपेचे चित्र काढले. निरोगी द्विदल झडप पूर्ण उघडली की चार ते सहा चौरस सेंटिमीटर वाट होते; माझी १.९ होते. दीडच्या वर असेल तोवर बहुधा रोजच्या कामात त्रास जाणवत नाही. जिना? चढावा. चालणे? रोज. शर्यत? नको. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन, निदान चाळिशीपर्यंत, कारण घशाचा प्रत्येक नवा संसर्ग झडपेवर नवा घाव घालू शकतो. वर्षातून एकदा इको. 'जपून'ला परिमाण मिळाले होते. त्या रात्री मी नाडी मोजली नाही असे नाही. पण एकदाच मोजली.

दुसरा उपाय वहीचा. घाबरल्यावर तीन रकाने भरायचे: काय जाणवले, काय होईल असे वाटले, प्रत्यक्षात काय झाले. दोन महिन्यांत मधला रकाना एकतीस वेळा 'मरेन' असा भरला. तिसऱ्यात तो शब्द एकदाही लिहावा लागला नाही. हा हिशेब कोणत्याही धीराच्या शब्दांपेक्षा बोलका होता.

तिसरा जिन्याचा. जोसेफ वोल्प यांनी १९५८ साली मांडलेल्या पद्धतीत भीतीच्या पायऱ्या पाडून, मन व शरीर शिथिल ठेवून, सर्वांत खालच्या पायरीपासून वर जायचे असते. माझ्या पायऱ्या अक्षरशः पायऱ्याच होत्या. ग्रंथालयापर्यंत चव्वेचाळीस. डॉक्टरांच्या संमतीने पहिल्या आठवड्यात अकरा चढले व थांबले. श्वास सावकाश, सोडताना अधिक लांब. पाचव्या आठवड्यात वर पोचले तेव्हा नाडी ११८ होती आणि चार मिनिटांत ती ८० वर आली. ग्रंथपालांनी थकलेल्या पुस्तकाचा दंड आकारला.

येथे एक इशारा आवश्यक आहे. 'ही भीतीच आहे' असे स्वतःला सांगून काही लक्षणे दडपायची नसतात. आडवे झाल्यावर धाप लागणे, रात्री श्वास कोंडून जाग येणे, थुंकीतून रक्त, पायांवर सूज, घेरी येऊन पडणे, नाडी अनियमित व वेगाने चालत राहणे, एक बाजू लुळी पडणे वा बोलणे अडखळणे; यांपैकी काही झाले तर वही मिटून डॉक्टर गाठायचा, आणि तातडीचे असेल तर १०८ क्रमांक फिरवायचा. कोणत्या लक्षणाला घाबरायचे हे ठाऊक असले म्हणजे बाकीच्यांना न घाबरणे जमते.

न सांगण्याची भीती

सर्वांत कठीण भाग उरला तो आईच्या त्या एका वाक्याचा. मुलीच्या हृदयात दोष आहे हे कळले तर स्थळे येणार नाहीत, हे तिचे भय निराधार होते असे मी म्हणणार नाही. वर्षाची सतरा इंजेक्शने आम्ही शेजारच्या गावी जाऊन, 'रक्त कमी आहे' असे सांगत घेत होतो.

पण माझ्या बारा प्रश्नांतील शेवटचा प्रश्न संसाराचा होता. डॉक्टरांनी सांगितले, की गरोदरपणात शरीरातील रक्त सुमारे चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढते व नाडीही वाढते. वाट मात्र तेवढीच अरुंद. आधी तपासणी करून, देखरेखीखाली पुष्कळ स्त्रिया सुखरूप बाळंत होतात; गरज पडल्यास फुग्याने झडप रुंद करता येते. ज्या घरात हा आजार ठाऊकच नाही, तेथे मात्र धोका. मी घरी येऊन आईला म्हटले, "आई, लपवले तर लग्न होईल, पण मग मी धाप लागल्यावर कुणाला सांगू?" ती चुलीपाशी बराच वेळ गप्प बसली.

या वर्षी मार्गशीर्षात एक स्थळ आले. बैठकीत वडिलांनी स्वतःच सारे सांगितले. "कळवतो" म्हणून मंडळी गेली आणि त्यांनी कळवले नाही. आई त्या रात्री रडली. सकाळी म्हणाली, "बरे झाले. आधीच कळले." पुढचे इंजेक्शन आम्ही आमच्याच गावात घेतले.

समारोप

गेल्या महिन्यात पुन्हा इको झाला. आकडा तोच, १.९. माझी भीती गेली का, असे कुणी विचारले तर गेली नाही. डावीकडे वळून झोपताना अजून एक क्षण थबकते. पण रोग केवढा आणि भीती केवढी हे आता मी वेगवेगळे सांगू शकते, आणि एकाचे माप दुसऱ्याला लावत नाही. मला तरी एवढ्याने पुरे झाले.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, तुमच्या वर्गात, घरात कुणी असा कागद घेऊन येईल तेव्हा "काळजी करू नकोस" असे म्हणू नका. ते त्याच्या हातात नसते. "डॉक्टरांनी नेमके काय सांगितले?" असे विचारा. आणि त्याला ते सांगता आले नाही, तर त्याच्याबरोबर बसून प्रश्न लिहायला मदत करा. मला माझ्या मॅडमनी तेवढेच विचारले होते.