मुलं बोलतच नाहीत

प्रश्न : मी निरीक्षणगृहात समुपदेशनासाठी जाते. मुलं मान खाली घालून बसतात, 'हो मॅडम' यापुढे काही बोलत नाहीत. काय करू?

उत्तर : ताई, पोलीस, बाल न्याय मंडळ, परिविक्षा अधिकारी, सगळ्यांनी त्यांना एकच विचारलेलं असतं : असं का केलंस? तुम्ही तो विषय काढूच नका. हाताला काम द्या. अधीक्षकांच्या परवानगीने एखादा बंद पडलेला पंखा सोबत बसून खोला. नजर स्क्रूवर असली की मुलं आपणहून बोलतात.

शिवाय, 'आता शिक्का बसला, शिकून काय उपयोग?' हे अनेकांच्या मनात घट्ट असतं. २०१५च्या बाल न्याय अधिनियमातलं कलम २४ सोप्या शब्दांत सांगा : दोषी ठरल्यामुळे अपात्रता येत नाही, ठरावीक मुदतीनंतर नोंदीही नष्ट केल्या जातात. (सोळा वर्षांवरच्या ज्या मुलांवर निर्घृण गुन्ह्यासाठी प्रौढ म्हणून खटला चालून दोष सिद्ध होतो, त्यांना हे संरक्षण नाही. त्यांना खोटा दिलासा देऊ नका.)

वैयक्तिक काळजी आराखडा मुलाला शेजारी बसवूनच लिहावा, असा आग्रह धरा. सुटल्यावर पहिल्या आठवड्यात कुठे जायचं, हे त्यालाच ठरवू द्या. नाक्यावर जुने मित्र भेटणारच. त्याआधी आयटीआयचा अर्ज भरून झालेला हवा.